मातीत थोडा पांढरा

हा-मोकोतो,
२८ मार्च १९९६

ती. आउसी केनेवे हिस,
धाकटा भाऊ मोसिवा याचा सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला. थोडा नाही, फार झाला. नाताळात ब्लूमफाँटेनच्या बसस्टँडवर तू बजावलं होतंस की थेट गावी जा, आई नव्या घरात राहायला लागली का ते बघ आणि त्याच आठवड्यात कळव. मी हो म्हणालो होतो, आणि मनापासून म्हणालो होतो. पण वाटेत क्वाचाज नेकला लोकर कातरणाऱ्यांची टोळी भेटली. त्यांना एक माणूस कमी पडत होता. त्यातल्या एकाचा घोडा विकायचा होता, तो बघायला म्हणून डोंगरापलीकडे गेलो. घोडा लंगडा निघाला, पण त्या गावात लग्न होतं. असं करत करत मार्च आला. रोज वाटायचं, आज लिहू. पण उशीर झाला की पत्र मोठं लिहावं लागतं, आणि मोठं लिहायचं म्हटलं की आणखी उशीर होतो. तेव्हा आता काय त्या शिव्या देऊन घे आणि पुढे वाच.

आई बरी आहे. खोकला आहे, पण बोलणं अडेल एवढा नाही. मला बघून पहिलं वाक्य म्हणाली की कोणाचा पाहुणा म्हणायचा हा. दुसरं म्हणाली की तुझ्या चपला कुणी खाल्ल्या.

आता घराचं. तू रागावू नकोस. घर छान झालंय. पत्रा नवा, खिडक्यांना काचा, दाराला कुलूप. पण आई तिथे राहत नाही. तिथे भोपळे राहतात. मोठ्या खोलीत भोपळे, लहान खोलीत मक्याची पोती, आणि तू पाठवलेल्या सोफ्यावर, प्लास्टिक न काढता, तिची ठिपक्यांची कोंबडी अंड्यांवर बसली आहे. आई स्वतः जुन्या गोलघरातच झोपते.

मी विचारलं की का गं. तर म्हणते की भिंती पांढऱ्या आहेत. एवढ्या पांढऱ्या, की आत बसलं की वाटतं आता कुणीतरी आपलं नाव पुकारणार आणि सुई टोचणार. तुला वाटेल उगीच सांगते. पण शेजारच्या म्मे मात्शेपिसो शपथेवर सांगतात की पहिल्यांदा आत गेल्या तेव्हा त्यांनी आपणहून जीभ बाहेर काढली.

आणखी एक गंमत बघितली. काल आई भोपळे आणायला आत गेली होती आणि बाहेरून कुणीतरी को-को अशी दारावरची हाक दिली. जुन्या घरात को-को ऐकू आलं की पाहुण्याचा श्वास संपायच्या आत आईचं केना, ये आत, निघतं, तुला माहीत आहे. इथे ती नुसती भोपळा पोटाशी धरून उभी. मग बाहेर अंगणात जाऊन बोलली त्या बाईशी. नंतर मी डिवचलं, तर म्हणाली की आत ये म्हणायला घर आपलं असावं लागतं.

पण आउसी, गोलघराची मागची भिंत आठव्या महिन्याच्या बाईसारखी फुगली आहे. मी हात लावला तर आतून माती घरंगळल्याचा आवाज आला. मागच्या हिवाळ्यात बर्फाने छपराची एक बाजू खाली बसली, ती तशीच. यंदाचा बर्फ ते घर झेलणार नाही. आईला हे कळतं. ती बोलत नाही, एवढंच. तिने खाट पुढच्या बाजूला सरकवली आहे.

मला एक सुचलंय. गोलघराच्या आतल्या भिंतीचा रंग आठवतो ना? आई दर वर्षी नदीकाठची माती आणून लिंपते तो. तुमच्याकडे बिस्किटी म्हणतील, पण बिस्किटात तेवढी ऊब नसते. दूध जास्त घातलेल्या चहाचा रंग. वासराच्या कानाच्या आतल्या बाजूचा रंग. मी डर्बनला एका रंगाऱ्याच्या हाताखाली काम केलंय. (किती दिवस ते विचारू नकोस.) नव्या घराला आतून तो रंग देतो. तुझा पांढरा झाकला जाईल, म्हणून आधी विचारतो.

लोभ आहेच, राग आला असेल तर तो लवकर आटपावा, ही विनंती.
तुझा,
मोसिवा


ब्लूमफाँटेन,
९ एप्रिल १९९६

चि. मोसिवा यास,
अ. आ.

तुझं पत्र बसवाल्याने आणून दिलं. त्यावर तेलाचे डाग होते. म्हणजे ते लिहून झाल्यावरही तू ते खिशात घेऊन कुठेतरी वडे खात बसला होतास. असो. तू जिवंत आहेस आणि घरी आहेस, या दोन गोष्टी एकदम फार दिवसांनी घडल्या.

पांढरा रंग मी निवडला होता. कारण सांगते, मग हस. मी दिवसभर इस्पितळाच्या चादरी धुते. चादर पांढरी परत आली की त्या खाटेवरचा माणूस बरा झाला असं मी मनाशी धरते. खरं असेल नसेल. त्यामुळे कंत्राटदाराने रंग विचारला तेव्हा माझ्या तोंडून दुसरा शब्दच आला नाही. आईला आजार शिवू नये एवढंच डोक्यात होतं. तिला नेमकं इस्पितळ दिसावं हे माझं नशीब. म्मे मात्शेपिसोंच्या जिभेचं वाचून मी मशीनच्या आवाजात एकटीच हसले, बाकीच्या बायका बघायला लागल्या.

रंगव. माझी हरकत नाही. परवा सुटीच्या दिवशी मी इथल्या रंगांच्या दुकानात जाऊन आले. भिंतभर रंगांच्या पट्ट्या लावल्या होत्या. आपल्या आईच्या मातीच्या रंगाची निदान डझनभर भावंडं तिथे होती, आणि एकेकाचं नाव काय! कुणी वाळवंटाची सकाळ, कुणी उंटाची लोकर, कुणी ओट्सची लापशी. दुकानातली मुलगी मला समजावून सांगत होती की सध्या मोठ्या घरांत हाच रंग चालतो, त्याने खोली उबदार वाटते आणि माणसाला शांत झोप लागते. आमच्या मेट्रनने नुकतीच बैठकीची खोली त्याच रंगाची करून घेतली आणि आम्हाला मुद्दाम बोलावून दाखवली. मी सांगितलं नाही की आमच्या घरी हा फावड्याने निघतो.

आता कामाचं. भिंतीचं वाचल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. हे तुला साफ सांगते आणि तू आईला साफ सांग. बर्फ पडेल तेव्हा आई त्या गोलघरात असेल, तर मी नोकरी सोडून येणार. ट्रंक घेऊन येणार आणि तिला उचलून नव्या घरात नेऊन बसवणार. मग दोघी मिळून काय खायचं ते तिथे बसून ठरवू. म्हणून रंगाचं काम मनावर घे. वाटेत लग्न, घोडा, मेंढ्या काहीही भेटलं तरी सरळ चालत राहा.

कोंबडीला सोफ्यावरून उठवू नकोस. बसली आहे तर बसू दे.

आईला माझा नमस्कार. तुला माया, आणि थोडी धास्ती.
तुझी,
केनेवे


हा-मोकोतो,
२ मे १९९६

ती. आउसी केनेवे हिस,
सा. न. वि. वि.

यावेळी उशीर केलेला नाही हे आधी नोंदवतो.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. नोकरी सोडण्याचा भाग दोनदा वाचायला लावला. मग म्हणाली की केनेवे लहानपणापासून अशीच आहे, भांडं पडायच्या आधी ओरडते. पण त्या दिवशी भाकरी करपली तिची.

मी सरळ कामाला लागलो. आई जिथून माती काढते तिथली, नदीच्या वळणावरची, चांगली मुठीएवढी माती घेतली, ओल्या फडक्यात बांधली आणि क्वाचाज नेकला गेलो. तिथे न्ताते रामोहापींचं दुकान आहे, खिळ्यांपासून शवपेटीपर्यंत सगळं मिळतं. ते रंग कालवूनही देतात. मी माती काउंटरवर ठेवली आणि म्हणालो की असा पाहिजे. ते म्हणाले की आधी ही स्टोव्हवर वाळवू या. मला हसूच आलं. मी त्यांना म्हणालो की न्ताते, आमच्या आईसारखी लिंपणारी या डोंगरात नाही, आणि आमच्या घरी माती ओलीच पारखतात. वाळली की ती उजळते, हे शेंबड्या पोरालाही कळतं. रंग अगदी या ओल्या मातीसारखा द्या, पुढचं भिंत बघून घेईल. त्यांनी माझ्याकडे बघितलं, खांदे उडवले आणि दिला.

पहिला हात मारला तेव्हा काय दिसत होतं म्हणून सांगू! आईने नुकता तळव्याने थापावा तसा. म्मे मात्शेपिसो दारात उभ्या राहून म्हणाल्या की पोरा, तुझ्यात काहीतरी आहे हे मला आज पहिल्यांदा वाटलं. मी म्हणालो की आत्ता काय बघताय, संध्याकाळी या, वाळून चहासारखा होईल. लगेच दुसरा हातही मारून टाकला. मग रंग वाळेपर्यंत बसून काय करायचं, म्हणून खालच्या गावात घोड्यांची शर्यत होती तिकडे गेलो. करड्या घोड्याने शेवटच्या वळणावर जे केलं ते कधीतरी सविस्तर सांगेन.

परत आलो तर अंगणात गर्दी. मला वाटलं, कौतुकाला जमलेत.

आउसी, भिंती बैलाच्या काळजासारख्या झाल्या होत्या. काळपट तांबड्या. वाळल्यावर माती उजळते, पण डब्यातला रंग वाळला की आणखी गडद होतो! उलटंच! हे मला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे न्ताते रामोहापी सांगत होते बहुतेक, पण तेव्हा मी बोलत होतो. आणि डर्बनला मी फक्त शिडी धरत होतो, ते आता कबूल करतो.

आई आत आली, गर्रकन फिरून चारी भिंती बघितल्या, आणि जी हसायला लागली ती खाली उंबऱ्यावर बसली. खोकला आणि हसू एकदम. डोळे पुसत म्हणाली की केनेवेने मला दवाखान्यात ठेवलं आणि तू मला गायीच्या पोटात घातलंस, माणसासारखं घर तुमच्यापैकी कोणी देईल का. मला आधी लाज वाटली, मग लक्षात आलं की आई नव्या घराच्या उंबऱ्यावर बसली आहे. याआधी ती तिथे टेकलीसुद्धा नव्हती.

मग डोकं लढवलं. कंत्राटदार जाताना तुझ्या पांढऱ्या रंगाचं एक पिंप मागे ठेवून गेला होता, झाकण घट्ट बसलेलं. ते कुदळीने उघडलं. माझ्याकडचा काळजाचा रंग बादलीत ओतला आणि त्यात तुझा पांढरा थोडा थोडा घालत गेलो. दर वेळी भिंतीवर एक पट्टा मारायचा, वाळू द्यायचा, मग बघायचा. यावेळी शर्यतीला गेलो नाही. आई अंगणात मका सोलत होती, वर न बघितल्यासारखं करत होती, आणि प्रत्येक पट्ट्याला हनुवटीनेच सांगत होती की अजून, अजून. भिंत जिराफासारखी झाली. शेवटी एक पट्टा वाळला आणि तिची हनुवटी हललीच नाही. हातातलं कणीस तसंच राहिलं. मी तो रंग सगळीकडे मारला.

आता बघ येऊन. तीच ऊब. सकाळी ऊन आलं की अख्खी खोली भाकरीच्या पापुद्र्यासारखी होते. तुझा पांढरा वाया गेला नाही, आतच आहे. त्याच्याशिवाय हा रंग आलाच नसता.

भोपळे आणि पोती मी गोलघराच्या पडवीत नेऊन ठेवली. कोंबडी तिथेच आहे, तिची सात पिल्लंही. आई दिवसा येऊन बसते. रात्री झोपायला मात्र जुन्या घरी जाते, आणि को-को ऐकू आलं तर अजूनही माझ्याकडे बघते. हे मला उमगत नाही. रंग तर तिनेच पास केला.

आपुलकी अशीच पातळ न होता राहावी.
तुझा,
मोसिवा


हा-मोकोतो,
१२ मे १९९६

चि. केनेवे हिस,
आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

हात मोसिवाचा आहे, बोलणं माझं आहे. मी सांगेन तेच लिही, पदरचं घालू नकोस, असं त्याला सांगितलंय.

(घालत नाहीये. – मो.)

तू नोकरी सोडून येशील असं लिहिलंस. येऊ नकोस. तुझी ती पांढऱ्या बुटांची नोकरी या घराचा कणा आहे, हे मला कळतं. बूट एवढे पांढरे ठेवून तू चिखलात कशी चालतेस ते मात्र कळत नाही. तू मला घर दिलंस. गावात एकीच्याही लेकीने दिलेलं नाही. मी हे तुझ्या तोंडावर बोलणार नाही, म्हणून पत्रात सांगते. मोसिवा, एवढं लिहिलंस ना? वाच बघू.

(वाचून दाखवलं. मान हलवली.)

रंग बरोबर आला आहे. मोसिवाने आधी गाढवपणा केला, पण नंतर केला तो त्याच्या आयुष्यातला पहिला पूर्ण केलेला धंदा. (हे लिहायला लावलं.) रंगाबद्दल माझं काही म्हणणं नाही. परवा दुपारी मी त्या खोलीत आडवी झाले. डोळा लागेना, म्हणून सवयीने भिंतीवर हात फिरवला. हात घसरला. धुतलेल्या ताटावरून घसरावा तसा. डोळ्याचंही तेच. भिंतीकडे बघावं तर नजर जाऊन जमिनीवर पडते.

माझ्या घरात तसं नाही. दर वर्षी आम्ही लिंपतो तेव्हा बायका येतात. मी ज्वारीचा जोआला आंबवून ठेवते. मात्शेपिसो नेहमी चुकीच्या कोपऱ्यातून सुरुवात करते, मी तिला बोलते, ती मला बोलते. ओल्या मातीत जेवणाच्या काट्याने रेघा ओढतो, शेताला नांगर लागल्यासारख्या. संध्याकाळपर्यंत वर्षभराची सगळी भांडणं भिंतीत लिंपून मोकळ्या होतो. चुलीमागे तुझ्या मावशीच्या अंगठ्याचा ठसा आहे. ती गेली त्याच्या आदल्या वर्षीचा. त्याच्यावरून मी कधी लिंपत नाही, बाजूने लिंपते.

नव्या घरात कोणाचा हात नाही. कंत्राटदाराची माणसं आली नि गेली, त्यांची नावंही मला माहीत नाहीत. आणि मोसिवाने रोलर फिरवला. त्या घरात अजून कोणी भांडलेलं नाही, केनेवे. तिथे रात्री एकटीने झोपायचं म्हणजे परक्याच्या घरी झोपल्यासारखं वाटतं. रागावू नकोस. मला नको आहे असं नाही. जमत नाही.

गोलघराची भिंत अजून टिकेल. तू काळजी करू नकोस. मोसिवा नीट जेवतो. पुरे, थांब.

तुझी आई,
माकेनेवे

ता. क. हे माझं, आई पाणी आणायला गेली आहे. भिंत टिकणार नाही, आउसी. काल एक ढेकूळ पडलं, खाटेजवळच. पण आईचं बोलणं लिहिता लिहिता मला काही आठवलं. डर्बनला त्या रंगाऱ्याने एका घराला बाहेरून रंगात वाळू कालवून दिली होती. जाड, खरखरीत, भाकरीच्या पिठासारखी. ती ओली असताना तिच्यात काट्याच्या रेघा उठतील ना? माती सिमेंटवर धरत नाही, पण ही धरते. बायकांना बोलावलं तर? – मो.


ब्लूमफाँटेन,
२३ मे १९९६

चि. मोसिवा,
अ. आ., आणि यावेळी मनापासून.

उठतील. रेघा नक्की उठतील. तुझ्या डोक्यात एवढं काही साठलेलं असतं, तर ते एरवी बाहेर का येत नाही?

आईचं पत्र मी जेवणाच्या सुटीत वाचलं आणि अर्धं जेवण तसंच राहिलं. माझी खुळी समजूत की घर म्हणजे पत्रा, काचा आणि कुलूप. घर पूर्ण झालं की सगळ्यांना दाखवायचं, असं मी ठरवलं होतं. पूर्ण व्हायच्या आधी बोलवायचं असतं, हे माझ्या लक्षातच आलं नाही. मावशीच्या ठशाचं मला माहीत होतं. तो त्याच घरात राहू दे, पण त्यावर कौलाचा तुकडा तरी झाक.

सोबत पुडकं पाठवते. घाबरू नकोस, खाऊ नाही. नर्सेसच्या मेसमधले वाकडे झालेले काटे आहेत, टाकून देणार होते, मी मागून घेतले. म्मे मात्शेपिसोंना सगळ्यात वाकडा दे, त्यांच्या रेघा तशाही सरळ येत नाहीत. (हे वाचून दाखवू नकोस.)

वाळू नदीची घे, बारीक चाळून. बायकांना लवकर बोलाव. रेडिओवर म्हणतात की यंदा बर्फ जूनच्या सुरुवातीलाच येणार. मी मेट्रनकडे रजा मागितली, तिने नाही म्हटलं. मी तिच्या त्या उबदार रंगाच्या बैठकीत उभी होते आणि ती नाही म्हणत होती. शांत झोप लागते म्हणे त्या रंगाने, मला तर तिथे उभी असताना घाम फुटला होता. तेव्हा मी येऊ शकत नाही. निदान नोकरी न सोडता तरी नाही. आता सगळं तुझ्यावर आहे. हे वाक्य मी दोनदा खोडून पुन्हा लिहिलं, ते तू भरवशाचा नाहीस म्हणून नाही, तर आहेस असं वाटायला लागलंय म्हणून.

जीव लावला आहेस, तसाच लावून धर.
तुझी आउसी,
केनेवे


हा-मोकोतो,
८ जून १९९६

ती. आउसी केनेवे हिस,
सा. न. वि. वि.

बाहेर बर्फ पडतोय. सकाळपासून. घाबरू नकोस, आधी पूर्ण वाच. मी क्रमाने सांगायचं ठरवलंय, मध्ये कुठेही घोडा येणार नाही.

मंगळवारी बायका आल्या. मी स्वतः दारोदार जाऊन सांगितलं होतं. तिथेच पहिली चूक. लिंपायला बोलावणं घरच्या बाईने द्यायचं असतं, पोराने नाही. सगळ्या अंगणात जमल्या, काटे वाटले गेले, जोआला गाळून तयार (तो मीच केला होता, चव विचारू नकोस), आणि आई गोलघरात जाऊन बसली. म्हणाली की मला कोणी विचारलं नाही, तुमचं चालू द्या, मी इथे मोहरीचा पाला निवडते. मी पाया पडायचा तेवढा राहिलो.

मी घाबरलो, की आता परत जातात. पण म्मे मात्शेपिसो म्हणाल्या की रंग कालव रे, वाळू घाल, बघू काय होतं. मी जाड करून भिंतीला फासला, दारासमोरच्या मोठ्या भिंतीला, जिथे सगळ्यात आधी नजर जाते. आणि म्मे मात्शेपिसोंनी काय करावं? उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यातून सुरुवात केली. आणि रेघा अशा, की दारू प्यायलेला बैल शेतात सोडावा. बाकीच्या बायका तोंडात ब्लँकेटचं टोक कोंबून हसायला लागल्या. त्या मोठ्या आवाजात म्हणाल्या की आज मला अडवणारं कोणी नाही, आज मी माझ्या मनासारखं करणार, आणि उद्यापासून येणारेजाणारे म्हणतील की बघा माकेनेवेच्या घरची भिंत.

गोलघराचं दार उघडंच होतं. पाल्याची टोपली खाली पडल्याचा आवाज झाला.

आई आली ती ब्लँकेटची पिन तोंडात धरून. म्मे मात्शेपिसोंच्या हातातला काटा काढून घेतला, तळव्याने ती अख्खी रेघाटणी पुसली आणि मग सुरू झाली. म्हणाली की तीस वर्षं झाली, तीस वर्षं मी हिला सांगते की डावीकडून. म्मे मात्शेपिसो म्हणाल्या की तीस वर्षं मी ऐकत नाही, तू दमत कशी नाहीस. आई म्हणाली की तुझ्या सुनेने तुझं घर सोडलं तेही बरं केलं. त्या म्हणाल्या की तुझा लेक शर्यतीला पळतो त्याचं बघ. मग एकीने कोणाच्या तरी बकरीची गोष्ट काढली, आणि आउसी, त्यानंतर त्या खोलीत जे भांडण झालं ते पेटून पेटून विझलं तेव्हा चारही भिंती भरल्या होत्या. शेत, शेताला लागून शेत, एकाच्या रेघा उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या. रंग वाळला तसा रेघांच्या कडांवर उजेड बसला आणि खाचांत सावली. तोच रंग, पण आता त्याला दोन छटा आहेत. नजर फिरत राहते, घसरत नाही.

मी बघत होतो. म्मे मात्शेपिसोंनी जाताना माझ्याकडे बघून एक डोळा बारीक केला. म्हणजे मुद्दाम केलं की काय, मला अजून नक्की कळलेलं नाही. विचारायचं धाडस नाही.

त्या संध्याकाळी आई मात्र आपल्या गोलघरात निघून गेली. पुढचे तीन दिवसही तेच. मी तोंड बंद ठेवलं. हे मला किती जड गेलं असेल याची तुला कल्पना आहे.

आणि आज सकाळी उठलो तर डोंगर नाहीत. सगळं पांढरं. मी धावत गोलघराकडे निघालो तर आईच समोरून येत होती, डोक्यावर ब्लँकेट, एका हातात चहाची किटली, दुसऱ्या काखेत खाटेवरची गोधडी. म्हणाली की या थंडीत रंगाचे पोपडे सुटतात का ते बघायला आलेय. गोधडी कशाला, असं मी विचारलं नाही. आत येऊन तिने बाहेर बघितलं, भिंतीकडे बघितलं आणि म्हणाली की दवाखाना बाहेर गेला बघ. तेव्हापासून ती त्या मोठ्या भिंतीला पाठ टेकून बसली आहे, पिल्लांना चुरा घालतेय. बर्फ थांबला की मी जाणार, असं आतापर्यंत तीनदा म्हणाली.

दुपारी मागून धप्प असा आवाज आला. मी जाऊन बघून आलो. फुगलेली बाजू छप्पर घेऊन खाली आली आहे, थेट पुढे सरकवलेल्या खाटेवर. चुलीमागची भिंत उभी आहे, मावशीचा ठसा आहे तसा आहे, मी त्यावर कौल झाकलं. आत येऊन आईला सांगितलं. तिने उरलेला चुरा पिल्लांपुढे टाकला. मग म्हणाली की ती माती चांगली आहे, उन्हाळ्यात उपयोगी पडेल.

तरी अजून ती पाहुणीच आहे. मघाशी म्मे मात्शेपिसो भिंत पडल्याचं ऐकून धावत आल्या, दारात को-को केलं. आईने माझ्याकडे बघितलं. मीच केना म्हणालो. म्मे मात्शेपिसोंनी आत येऊन माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच तिला शिकवायला हवं होतं. आता तू सांग, हा शब्द मी तिच्या तोंडात कसा घालू? बाकी सगळं केलं. रंग केला, वाळू केली, भांडण घडवलं. पण आई पाठ टेकून बसली आहे, ऊब तिला लागते आहे, एवढं तुला कळवायला हरकत नाही. ट्रंक भरू नकोस. निदान आज नको.

खिंड बंद झाली तर हे पत्र कधी निघेल माहीत नाही. तोवर लोभ इकडून चालूच आहे, तिकडून तुटू देऊ नये.
तुझा,
मोसिवा

ता. क. पत्राची घडी घालता घालता खिडकीतून बघितलं तर खालच्या वाटेने दोन घोडे वर येत होते. एकावर बसवाल्याचा भाऊ. दुसऱ्यावर कुणीतरी ब्लँकेटमध्ये गुंडाळलेलं, नाकसुद्धा दिसत नव्हतं. मी म्हणालो की या बर्फात कोण मरायला निघालंय. मग ते माणूस अंगणात उतरलं. पायात पांढरे बूट. एवढे पांढरे, की बर्फात आधी मला बूट दिसलेच नाहीत, नुसते पायच चालताना दिसले.

ट्रंक नाही. काखेला छोटी पिशवी. म्हणजे मेट्रन विरघळली.

मी हे उभ्याने लिहितोय, कारण तू दारात येऊन को-को करते आहेस आणि मी हूं की चूं न करता थांबलो आहे. आई माझ्याकडे बघते आहे. मी बघत नाही. मी लिहितोय. परत को-को. आईने पिल्लं मांडीवरून खाली ठेवली, ब्लँकेट सारखं केलं, भिंतीला हात लावून उठली आणि डोंगरापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली की केना. मग लगेच म्हणाली की ते बूट तेवढे बाहेर काढ.